कवळीखालची बुरशी: घरातल्या वडीलधाऱ्यांचं तोंड कसं बघायचं आणि पुढे काय करायचं

आजी म्हणाल्या, "तोंड आलंय," की आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात. उष्णता झाली असेल, सब्जा घ्या, गुलकंद खा, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणून देतो. आजी कवळी घालत असतील तर यातलं काहीही करण्याआधी त्यांना कवळी काढायला सांगा आणि टाळू बघा. कवळी घालणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडातली आग, चव जाणं, ओठांचे कोपरे चिरणं यामागे पुष्कळदा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. तिचा निम्मा मुक्काम तोंडात आणि निम्मा कवळीत असतो. त्यामुळे नुसत्या तोंडाला औषध लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि औषध संपलं की तक्रार परत येते. नाशिकमध्ये दंतवैद्य म्हणून काम करताना मला हे सतत दिसतं. गोळ्या बदलून बदलून घरचे थकलेले असतात, आणि कवळी मात्र रात्रंदिवस तोंडातच असते.

हा लेख मुख्यतः घरच्यांसाठी आहे: मुलगा, सून, मुलगी, नातवंडं. स्वतः कवळी घालणाऱ्यांनीही जरूर वाचावा.

बुरशी तिथेच का वाढते

कॅन्डिडा थोड्या प्रमाणात कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात असते. लाळ आणि तोंडातले इतर जिवाणू तिला आटोक्यात ठेवतात. वरची कवळी टाळूला घट्ट बसते, तिच्याखाली लाळ पोचत नाही, हवा लागत नाही, ऊब आणि ओल मात्र कायम राहते. त्यात कवळीचं ॲक्रिलिक दिसायला गुळगुळीत असलं तरी त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांत बुरशी आणि जिवाणू मिळून चिकट थर धरतात. हा थर नुसत्या पाण्याच्या धारेने निघत नाही. खालच्या कवळीभोवती लाळ फिरत राहते, म्हणून तिथे हा त्रास कमी.

वय वाढलं की आणखी कारणं भर घालतात. मधुमेह ताब्यात नसणं हे सगळ्यात मोठं. दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार) स्टेरॉइड असलेला पंप, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, कर्करोगाची केमो किंवा डोक्या-मानेला दिलेलं रेडिएशन हीही कारणं आहेत. तोंड कोरडं पाडणारी औषधं तर घरोघरी असतात: लघवी जास्त करवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या. आणि तंबाखू. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या कितीतरी आज्या दात गेल्यावरही मशेरी सोडत नाहीत. ती हिरड्यांना लावतात आणि वरून कवळी बसवतात. मशेरी ही जाळलेली तंबाखूच आहे. ती सुटली पाहिजे, बुरशीसाठीही आणि कर्करोगाच्या भीतीनेही.

एक शंका बरेच जण दबक्या आवाजात विचारतात: हे नातवंडांना लागेल का? एका ताटात जेवल्याने किंवा मांडीवर घेतल्याने धडधाकट मुलांना हा आजार होत नाही. आजीला बाजूला बसवायची काही गरज नाही.

टाळू कशी बघायची

बुरशीने टाळू लालभडक झालेली असली तरी बहुतेकांना काही दुखत नाही. त्यामुळे "मला काही त्रास नाही" या उत्तरावर थांबू नका. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष बघा.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात खुर्चीवर बसवा. हात धुवा. कवळी काढायला सांगा आणि साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, नाहीतर चहाचा रंग किंवा जेवणाचे कण फसवतात. मान किंचित मागे करून मोबाइलचा टॉर्च टाळूवर मारा. निरोगी टाळू फिकट गुलाबी असते. बुरशी असेल तर लाली थेट कवळीच्या आकारात उमटलेली दिसते, जिथे कवळीची कड संपते तिथेच ती संपते. काही वेळा सगळीकडे लाल न होता बारीक लाल ठिपके असतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं असेल तर टाळूच्या मध्यभागी बारीक दाणे उठलेले असतात.

दुसरा प्रकार म्हणजे दह्याच्या कणांसारखे पांढरे थर, जिभेवर, गालांच्या आत, घशाकडे. स्वच्छ ओल्या कापडाने हलकेच पुसले तर ते निघतात आणि खाली लाल कातडी दिसते. हा प्रकार आजारातून उठलेल्या, खूप अशक्त किंवा अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांत जास्त.

मग ओठांचे कोपरे बघा. तिथे चिरा, ओलसरपणा, पिवळट खपली आहे का? शेवटी कवळी उलटी करून टाळूकडच्या बाजूवर बोट फिरवा. बुळबुळीत लागली, वास आला किंवा कडक पांढरट थर दिसला, तर अर्धं उत्तर तुमच्या हातात आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत कवळीवर असे क्षार लवकर बसतात आणि त्यांच्या खरखरीत पृष्ठभागावर बुरशीला आयता आधार मिळतो.

टाळूचा एक फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांनी सुधारणा झाली की नाही, हे आठवणीपेक्षा फोटो नीट सांगतो.

घरी वेळ घालवू नये अशा गोष्टी

पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातली गाठ: ही बुरशी समजून औषध लावत बसू नका. तंबाखूचा इतिहास असेल तर अजिबात नाही. त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला लागू शकतो. गिळताना छातीत दुखणं किंवा घास अडकणं म्हणजे बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते.

काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची भीती २०२१ पासून लोकांच्या मनात घर करून आहे. ती वेगळी बुरशी आहे, आणि कवळीखालच्या लालीचं रूपांतर काळ्या बुरशीत होत नाही. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या टाळूवर काळसर डाग दिसला, चेहऱ्याची एक बाजू सुजली किंवा बधिर झाली, डोळा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

रात्री कवळी बाहेर

सगळ्या उपायांत हा सगळ्यात परिणामकारक आहे आणि सगळ्यात अवघडही. रोज किमान सहा ते आठ तास टाळू मोकळी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी रात्रीची झोप हीच सोयीची वेळ. पुष्कळांची सौम्य लाली नुसतं एवढं केल्याने आणि कवळी नीट घासल्याने औषधाविना उतरते.

कारण फक्त बुरशीचंही नाही. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यावरच्या ५२४ जणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. झोपेत लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, आणि कवळीवर जे साचलेलं असतं ते तिच्यासोबत जातं.

मग लोक काढत का नाहीत? मला वाटतं, आपण या प्रश्नाकडे नीट बघत नाही. "आजी ऐकतच नाहीत" म्हणून मोकळे होतो. कित्येक बायकांना नवऱ्यासमोरसुद्धा बोळक्या तोंडाने बसायला लाज वाटते. एकत्र कुटुंबात दोन खोल्यांत सहा माणसं झोपत असतील तर कवळी काढून ठेवायला आडोसा नसतो. पहाटे दूधवाला आला किंवा कोणी पाहुणा उतरला तर दार उघडायचं कसं, ही चिंता असते. आणि काहींना कवळी बनवून देताना "सवय होईपर्यंत रात्रीही घाला" असं सुरुवातीच्या काही दिवसांपुरतं सांगितलेलं असतं. ते पंधरा-वीस वर्षं तसंच पाळलं जातं.

म्हणून हुकूम सोडण्यापेक्षा सोय करा. उशाजवळ झाकणाचा, आतलं न दिसणारा डबा ठेवा. दिवा मालवल्यावर कवळी काढली आणि सकाळी उठल्या उठल्या घातली तर कोणाला दिसतही नाही. नातवंडांना आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही. रात्री अजिबातच जमत नसेल तर दुपारी वामकुक्षीच्या वेळी आणि संध्याकाळी जेवणापर्यंत असे तुकड्या-तुकड्याने तास भरून काढा. काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

डब्यात साधं, गार पाणी घाला, कवळी पूर्ण बुडेल इतकं. कोरडी पडली तर तिचा आकार बदलू शकतो. पाणी रोज बदला, आणि डबाही रोज साबणाने घासा.

कवळी धुण्याची रीत

प्रत्येक खाण्यानंतर कवळी काढून पाण्याखाली धरायची. उपवासाच्या दिवशी भगर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांची सालं, हे कवळीखाली हमखास अडकतं. त्या दिवशी नुसती चूळ पुरत नाही.

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, नीट घासणं:

१. बेसिनमध्ये ओला टॉवेल अंथरा किंवा बेसिन अर्धं पाण्याने भरा. कवळी हातातून निसटते आणि पोर्सेलीनवर पडली की दोन तुकडे होतात. हात थरथरणाऱ्या आजोबांसाठी तर ही पायरी पहिली.

२. मऊ ब्रश आणि सौम्य हात धुण्याचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरा. नेहमीची टूथपेस्ट, दंतमंजन, राख, मीठ यांपैकी काहीही नको. त्यांनी ॲक्रिलिकवर बारीक चरे पडतात आणि बुरशी त्या चऱ्यांत जाऊन बसते. कवळी चकचकीत दिसावी म्हणून जोरजोरात घासणारे नेमके हेच करतात.

३. दातांची बाजू सगळे घासतात. टाळूला टेकणारी आतली बाजू जास्त वेळ घासा, बुरशी तिथे आहे. चिकटवायची पेस्ट किंवा पावडर वापरत असाल तर तिचा कण न कण निघाला पाहिजे.

४. पाणी गार किंवा जेमतेम कोमट. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी अशी असते की सकाळी गिझरच्या नळाखाली कवळी धरायचा मोह होतो, आणि काही जण जंतू मरावेत म्हणून ती उकळतात. कढत पाण्याने कवळी वाकडी होते, मग ती घासते, जखम करते आणि बुरशीला नवी जागा देते. मायक्रोवेव्हचे प्रयोगही घरी करू नका.

५. कवळी भिजवण्याच्या विरघळणाऱ्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरती कवळी भिजवा, मग पुन्हा ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. नुसतं भिजवून थर निघत नाही, ब्रश लागतोच. या गोळ्या तोंडात घ्यायच्या नसतात. विसराळूपणाचा आजार असलेल्या माणसाच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

ब्लीचबद्दल लोक विचारतात. दंतवैद्यांनी प्रमाण सांगून दिलं असेल तरच, पातळ करून, आणि दहा मिनिटांच्या वर कधीच नाही. कवळीत धातूची तार किंवा पट्टी असेल तर मुळीच नाही, धातू गंजतो.

कवळी बाहेर असताना तोंडही साफ करा. ओल्या मऊ कापडाने किंवा अगदी मऊ ब्रशने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसून घ्या. दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं नाही, ही समजूत फार नुकसान करते. थोडे दात शिल्लक असतील तर ते फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा घासायचेच.

औषध घेताना

औषध डॉक्टर किंवा दंतवैद्य ठरवतील. आपल्याकडे बहुतेकदा तोंडात लावायचं क्लोट्रिमाझोलचं पेंट दिलं जातं, काही वेळा नायस्टॅटिनचं द्रावण, आणि पसरलेल्या किंवा चिवट बुरशीसाठी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. लावायचं औषध साधारण एक ते दोन आठवडे चालतं. लाली गेली म्हणून चौथ्या दिवशी थांबवू नका.

औषध लावताना कवळी तोंडात असेल तर ते टाळूपर्यंत पोचतच नाही. आधी कवळी काढा, ती घासा, तोंड धुवा, मग औषध टाळूला लावा. दंतवैद्यांनी सांगितलं असेल तर कवळीच्या आतल्या बाजूलाही थेंब लावा. नंतर अर्धा तास खाणं-पिणं नको. नायस्टॅटिन चालू असेल तर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या त्याला जोडून करू नका, दोन्ही एकत्र आली तर नायस्टॅटिन निष्प्रभ होतं.

फ्लुकोनाझोल मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. नायट्याला घेतात तीच गोळी, म्हणून लोकांना ती ओळखीची असते. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तिच्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेलसुद्धा हेच करते, नुसती लावायची आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याची साखर फ्लुकोनाझोलने अचानक उतरू शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही. डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा, नावं आठवून सांगत बसू नका.

तोंडाच्या फोडांवर लावायची स्टेरॉइडची पेस्ट बुरशीवर लावली तर बुरशी वाढते. मध आणि बोरो-ग्लिसरीन लावण्याने बुरशी बरी होत नाही, दिवस मात्र वाया जातात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम वाटत असेल तर खुशाल करा, औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घ्यायचा. मधुमेह असेल तर साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. मधुमेह माहीत नसेल आणि बुरशी वारंवार होत असेल, तर तपासणी आणखीच गरजेची.

ओठांचे कोपरे आणि ढिली कवळी

दात गेल्यावर जबड्याचं हाड दरवर्षी थोडं झिजत जातं. कवळी तीच राहते, तिच्याखालचं हाड बदलतं. कवळी हलायला लागते, घासते, दात झिजून तिची उंची कमी होते आणि तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते. मग ओठांच्या कोपऱ्यांना घड्या पडतात, तिथे लाळ साचते आणि चिरा पडतात. या चिरांत बुरशीबरोबर जिवाणूही असतात, म्हणून नुसती व्हॅसलीन पुरत नाही. रक्ताची आणि बी-१२ची तपासणीही करून घ्यावी.

कवळीला आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते. खूप जुनी, काळवंडलेली, तडे गेलेली कवळी बदललेलीच बरी. आधी टाळूची सूज उतरू द्यायची असते, सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर नवी कवळीही चुकीची बसते. घरी कानशीने घासणं किंवा तुटलेली कवळी फेविक्विकने चिकटवणं नको. तुकडे दोन मिलिमीटरने जरी चुकीचे जुळले तरी कवळी एका बाजूला रुतते.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

इथे सगळी जबाबदारी तुमची. कवळी काढताना माणूस शक्यतो बसता करा किंवा कुशीवर वळवा. वरची कवळी निघत नसेल तर बोट मागच्या कडेला नेऊन हलकेच खाली ओढा, हवा आत गेली की ती सुटते. तोंड कोरडं असेल तर कवळी ओली करून मगच बसवा. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण कवळी कागदात गुंडाळून ठेवतात आणि ती केरात जाते. डब्यावर नाव लिहा, रुग्णालयात भरती करताना डबा सोबत द्या आणि सिस्टरना दाखवा. दिवसभर कवळी घालायची माणसाची ताकद नसेल तर फक्त जेवणापुरती घाला.

नाशिकमध्ये कुठे जायचं

तुमचे नेहमीचे दंतवैद्य पुरेसे आहेत. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. कवळीचं काम प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात होतं. खेड्यावरून येत असाल तर जिल्हा रुग्णालयातही विचारता येईल. सकाळी लवकर निघा आणि रांगेत थांबावं लागेल हे धरून आजोबांचं पाणी, गोळ्या आणि खाणं सोबत घ्या.

जाताना कवळी धुऊन, पण तोंडात घालूनच जा. ती कशी बसते हे दंतवैद्यांना बघायचं असतं. जुनी कवळी जपून ठेवली असेल तर तीही न्या. गोळ्यांची पाकिटं, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि टाळूचा फोटो बरोबर असू द्या. कवळी किती वर्षांची आहे आणि रात्री काढता की नाही, हे खरं सांगा.

औषध सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांनी त्याच खिडकीजवळ बसवून पुन्हा टाळू बघा आणि फोटोशी ताडा. लाली उतरली नसेल तर औषधाची दुसरी बाटली आणू नका, परत दाखवायला जा. कवळी रात्री खरंच बाहेर राहते आहे का, साखर किती आहे, कवळी हलते आहे का, या तीन गोष्टी तेव्हा आधी तपासल्या जातील. आणि त्या तिन्ही ठीक असतील तर बुरशीची किंवा चट्ट्याची प्रयोगशाळेत तपासणी करायला सांगतील, तिला नकार देऊ नका.